पट्टा

सर्जनने आधी हेच विचारलं,
गाडी चालवता?
एकोणीस वर्षं, म्हटलं, शाळेची बस.
मग उजवीकडे बसवू, तो म्हणाला,
चालकाचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो.

तेव्हापासून कातडीखाली हे,
कोटाच्या बटणाएवढं.
शिवलेलं, पण काही बंद न करणारं.

बस आता कुणी दुसरी चालवते.
दर दुसऱ्या मंगळवारी तारास मला रजायनाला नेतो.
मी बाजूच्या सीटवर,
आणि तिथला पट्टा नेमका उजव्या खांद्यावरून.
गोठलेल्या रस्त्याच्या प्रत्येक खाचेला
बटण म्हणतं, आहे मी.
तारासने फ्लॅनेलच्या जुन्या शर्टाची उशी शिवली,
टाके कसले, कुंपणाचे खांब.

खोल श्वास, ओरिसिया, म्हणते नर्स,
सुई आत, आणि जिभेवर एकदम मीठ.
आमच्या प्रेअरीत समुद्र नाही.
एवढाच मला भेटलेला.

काल, औषधाला आठवडा उलटल्यावर,
धान्याच्या उंच कोठारांपाशी म्हटलं, सरक.
तो काही न बोलता उतरला.
पट्टा डावीकडून आला. कुठेच रुतला नाही.
सवयीनं आरशात पाहिलं,
सगळी बसली का.

मागे नुसती उशी.