नाइट ड्यूटीनंतर सफारी

सकाळी सातला ती वॉर्डातून सुटली,
साडेआठला आम्ही रोलाहून बसमध्ये.
"झोप ना थोडी," म्हटलं, तर म्हणे,
"तिकिटं काढून ठेवली. झोप काय, रोजचीच आहे."
किती दिरहम पडले ते सांगितलं नाही.
मीही बावीसनं गुणलं नाही.
गुणलं, पण मनात.

एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा मी तिच्याकडे पाहुणा.
रस्ता ओलांडताना बाही धरते माझी,
पेशंटला धरावं तशी.
दुर्गापूरच्या खाणीत शंभर टनी डंपर चालवला मी,
हे शारजात कोणाला सांगू.

धैदच्या पुढं वाळू संपते, आफ्रिका सुरू होते.
तशी पाटीच आहे.
उघडा ट्रक, कडेला नुसता लोखंडी दांडा.
गाइड ओटिएनो, मूळचा किसुमूचा,
आम्हाला हिंदीत दम देतो : "भाईसाब, खडा नहीं होना."
गवत पिवळं. गवताच्या बुडाशी काळी नळी,
नळीला भोकं,
भोकांतून थेंब थेंब माळरान.

झेब्रे आले, गेले.
जिराफ इतका सावकाश वळला
की मागच्या पोराचा व्हिडिओ आधी संपला.
"तुम्हाले आवडून राहिलं ना?" तिनं विचारलं.
"आवडून राहिलं."
दहा दिवस आम्ही असंच बोलतोय.
फोनवरच्या कॉलची सवय,
शेजारी बसूनही आवाज पोचायची वाट बघतो,
दोघं एकदम बोलतो,
दोघं एकदम थांबतो.

वळणावर एक झाड, काटेरी, बारीक पानांचं.
ओटिएनो म्हणाला, "गाफ. ये अफ्रीका का नहीं, इधर का."
"पंचफुला, ही तर शमी!"
"कुठली शमी?"
"आपली. दसऱ्याची. मारुतीच्या पारामागची."
तिनं झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जरा जास्त वेळ.
पांडवांनी एका वर्षापुरती शस्त्रं ठेवली होती हिच्यात.
आम्ही काय काय ठेवून आलो, कुठल्या झाडात,
आता खूणही सापडत नाही.

वाघ मात्र तिला माहीत आहे.
लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, पहाटे मोहफुलं वेचताना
वीस पावलांवर उभा होता.
ही टोपलीसकट उभी, तो आपला निघून गेला.
घरी येऊन तिनं आधी फुलं वाळत घातली,
मग सांगितलं.
मी नव्हतो तिथं.
तेव्हा माझी नाइट शिफ्ट होती.

सिंहाच्या आवारात ट्रक थांबला, इंजिन बंद.
खडकामागं पिवळं काहीतरी.
दहा मिनिटं, पंधरा.
कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं.
तेवढ्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं,
आधी हलकं, विचारल्यासारखं,
मग सगळ्या वजनानं.
केसांना सॅनिटायझरचा वास.
कानामागं पांढरे, स्क्रीनवर कधी न दिसलेले.

आणि तो उठला.
अख्खा ट्रक एका बाजूला कलला,
"बैठो, भाईसाब, बैठो!"
मोबाइल वर, माणसं वर,
माझ्या वाट्याला एका शर्टाची पाठ,
तिच्यावर छापलेला उंट.
गर्जना तेवढी आली,
कानात नाही, बरगड्यांत,
डंपर जागेवर घुमायचा तशी.
ती झोपेतच पुटपुटली, "बेड नंबर चार..."
"बघतो मी," म्हटलं.
शांत झाली.

ट्रक हलला तशी दचकून उठली.
"दिसला?"
"दिसला ना."
"कसा होता?"
खांदा बधिर झालेला, बोटांत मुंग्या.
"म्हातारा," म्हटलं, "पण केस शाबूत."
ती हसली,
माझं वाक्य पुरतं पोचायच्या आधीच.
मग म्हणाली,
"फोटो दाखवा."