जागा उरली तर

इदरीसमामू डबा माझ्या हातात द्यायचे :
हलवत राहा, पिवळा तळाशी बसतो.
पडरौन्याच्या नाक्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात
शिडीवर ते, खाली मी.

चौऱ्याण्णवचा मे. लू अशी
की अक्षर पुरं व्हायच्या आत ब्रश वाळायचा.
हुकूम आला होता : हा जिल्हा आता वेगळा, नाव पडरौना.
मामूंनी काचकागदानं 'देवरिया' घासलं
तर खालून गोरखपूर निघालं,
गंजलेलं, पण 'पु'चं शेपूट शाबूत.
'सेहेचाळीसच्या आधीचं. अब्बांचा हात आहे हा,
बघ, त्यांच्या 'ख'मधला र आणि व
कायम रुसलेले.'
मग त्यावरूनच पांढरा ओढला.

तीन वर्षांत पुन्हा शिडी.
आता कुशीनगर.
बुद्ध इथे उजव्या कुशीवर निजला
तो परत वळला नाही;
जिल्हा मात्र सारखी कूस बदलतोय,
मामू म्हणाले, आणि चुना मागितला.

फुलेसरीचं घर गंडकच्या बांधावर.
माहेरही त्याच बांधावर, शंभरेक पावलांवर.
ती जन्मली तेव्हा जिल्हा गोरखपूर,
हळद लागली तेव्हा देवरिया,
नवरा गेला त्या साली काय होतं
तिला आठवत नाही. ती रडत होती.
ती कुठे गेली नाही.
नदी गेली.
एका भादव्यात तिचं दीड बिघा शेत उचलून
पलीकडे चंपारणच्या वाळूत ठेवून आली.
लेखपालानं खतौनी उघडली, बोट ठेवलं :
कागदावर शेत इथेच आहे.
'मग कागदावरच पेर,' फुलेसरी म्हणाली.

परवा तिच्या नातवाची पत्र्याची पेटी रंगवली.
रामदरश लुधियान्याला निघालाय, होजियरीत.
मामूंचा हात आता कापतो, म्हणून अक्षरं माझी.
नाव झालं, गाव झालं.
'आजी, जिल्हा?'
तिनं पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं,
पोचा आलाय तिथे जरा थांबली.
जागा उरली तर लिही.

उरली होती, बोटभर.
'कु' ऐटीत बसला, 'शी' कशीबशी,
'न' आणि 'ग' एकमेकांच्या मांडीवर,
आणि 'र' कडेवरून वळून
कडीखाली गेला,
पेटी उघडल्याशिवाय तो दिसत नाही.