पंचावन्न वॅट

इवालोत टाउनोच्या दुकानात
बॅटऱ्या, बर्फ खरवडायची खुरपी आणि कॉफीचा थर्मास
एकाच फळीवर असतात.
बाबा काउंटरला टेकून म्हणाले,
“दिवे मंद झालेत. जास्त उजेडाचे दे.”

बाहेर दुपारचे दोन, म्हणजे रात्रच.
सूर्य गेल्याला सोळा दिवस.
उणे एकोणतीस. आमची गाडी
भिंतीवरच्या प्लगला वायर लावून उभी,
दावणीला बांधल्यासारखी.

टाउनो तीन खोकी मांडतो.
पहिल्यावर लिहिलंय तीस टक्के जास्त,
दुसऱ्यावर शंभर, तिसऱ्यावर दीडशे.
“वॅट तेवढेच,” तो म्हणतो, “पंचावन्न.
तार बारीक करतात आणि जास्त तापवतात.
उजेड वाढला की आयुष्य घटलं.
हा दीडशेवाला एक हिवाळा निघाला तर नशीब.”

आणि हा निळा?
“तो पोरांसाठी. काच निळी रंगवली की
उजेड पांढरा दिसतो, पडतो मात्र कमी.
बर्फ भुरभुरत असेल तर
चुन्याच्या भिंतीसारखा तोंडावर परत येतो.”

मी बाबांकडे बघत नाही.
मला माहीत आहे, दिवे होते तसेच आहेत.
मागच्या शुक्रवारी नेल्लिमच्या वळणावर
मी ओरडले म्हणून ब्रेक लागला.
रेनडिअरची मादी, तिच्यामागे पिल्लू.
उन्हाळ्यात सोनेरी चमकणारे तिचे डोळे
हिवाळ्यात निळे होतात,
अंधारातूनही थोडं काही वेचता यावं म्हणून.
माणसाला ही सोय नाही.
माणसाला डॉक्टरची तारीख मिळते,
आणि बाबा ती ऑगस्टपासून पुढे ढकलतायत,
दारातला बर्फ ढकलावा तशी,
फाटकापर्यंतसुद्धा नाही, पायरीपुरती.

“जोडीनंच घ्या,” टाउनो सवयीनं बोलून जातो.
“एक गेला की दुसराही फार दिवस काढत नाही.
एकदमच बसवलेले असतात ना.”
मग त्याला आठवतं.
तो गल्ला उघडतो, बंद करतो,
कॉफी ओतायला लागतो कुणी न मागता.
आईला जाऊन तीन वर्षं झाली.
तिच्या मफलरचा लाल गोंडा
अजून गाडीच्या आरशाला.

बाबा खोकं डोळ्यांजवळ नेतात,
लांब धरतात, परत जवळ.
“मी काढतोय की,” ते म्हणतात,
“पण माझ्यावर कुणी दीडशे टक्के छापलं नव्हतं.
तीसवाला दे. जोडी.”

घरी बॉनेट उघडलं. टॉर्च माझ्या दातांत.
काचेला बोट लावायचं नाही;
बोटाचं तेल बसलं तर तेवढीच जागा जास्त तापते
आणि बल्ब जातो,
म्हणून कॉफी गाळायच्या कागदात धरून
त्यांनी तो आत सरकवला.
मी टॉर्च नीट धरायला गेले तर त्यांचे डोळे मिटलेले.
मागची तारेची कडी, जिला मी
नखं मोडेपर्यंत शिव्या दिल्या असत्या,
त्यांच्या अंगठ्याखाली
टक्‌ करून बसली.

मग मी लाकडाच्या खोपीसमोर उभी,
उजेडाची कड कुठं येते ते खडूनं आखायला.
“अजून खाली?”
“अजून. समोरच्याचे डोळे दिपतील.”
स्क्रू फिरतो, कड फळीफळीनं उतरते,
माझ्या खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून गुडघ्यावर.

मग ते आत बसून मोठा दिवा लावतात.
मी बर्फात गच्च उभी, खडू हातात,
आणि काचेमागे कोण आहे
ते मला अजिबात दिसत नाही.
त्या मादीलाही दिसलं नसणार.

“दिसतेय का मी?” ओरडून विचारलं.
हॉर्न वाजला. एकदा.

एकदा म्हणजे हो की नाही,
ते आम्ही ठरवलं नव्हतं.