दोन हाफ

कुणकेश्वरच्या जत्रेला जाताना एस्टीत
मी म्हटलं, "गुडघे दुमडून बस.
इचारल्यान तर पाच पुरी नाय म्हण."
लौकिक मांडीवर घडी होऊन बसला,
माझं तिकीट हाफ, त्याचं काहीच नाही.

टोराटोराच्या फाटकाशी निळा वासा,
त्यावर लाल रेघ.
"डोकं रेघेला लागलं तरच."

चपलेत नारळाचं सोडण कधी भरलं त्याने
कुणास ठाऊक.
मान ताणली, श्वास धरला,
सकाळी मीच तेल लावून बसवलेले केस
बोटांनी उभे केले.
माणसाने पंजा ठेवला, दाबला.
मी समुद्राकडे बघत राहिले.
एक होडी, बराच वेळ तिथल्या तिथेच.
"जा," तो म्हणाला.

उतरला तेव्हा ओठ पांढरे,
एक चप्पल नाही,
आणि पायघोळ विजारीतून सोडणाच्या शेंड्या गळतायत.

परतीला कंडक्टर वाकला,
"झील किती वर्षांचो?"
मी तोंड उघडेपर्यंत
हा सीटवर ताठ उभा:
"सहा! माजी हाफ काढा!"

"म्हणजे दोन हाफ," कंडक्टर म्हणाला,
मशीन कुरकुरलं.
मी रुमालाची गाठ सोडली.
तो अजून उभाच होता,
चप्पल नसलेल्या बाजूने
जरासा कमी.