मागचा आस

अक-बैतालच्या चढावर आधी आवाज आला,
हाड मोडावं तसा, पण आतून.
मग कितीही दाबलं तरी इंजिन तेवढं रडायचं,
मागची चाकं गप्प.
डावा हाफशाफ्ट. ओला पंचा पिळावा
तसा मुरगळून तुटलेला.
तुकडा आत शिरून क्राऊनचे दात खाऊन गेला,
घराला बोटभर चीर.
पुढच्या दोन चाकांनी ओढत ओढत
मुर्गाबला आणली उआझ, रात्री दोनला.

आस गेला.
आस उरली होती ती बुरुलचाच्या घरामागे:
फौजेतून आलेली जुनी गाडी, विटांवर टेकलेली,
काचा नाहीत, सीटवर टेरेस्केनच्या जुड्या,
पण खाली दोन्ही आस पोर्टलवाले,
गंजलेले आणि शाबूत.

ती गाडी अर्धी माझी.
निदान अकरा वर्षं मी तसं म्हणत आलो.
जोलचुबेक म्हणायचा, नाही.
तो गेला तेव्हा मी कराकुलला होतो.
म्हणजे, कराकुलला जाऊन बसलो होतो.

बुरुलचाने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही.
"मागचाच हवा?"
"मागचाच."
"काढून ने."
पैशांचं बोलणं निघालंच नाही,
माझा हात खिशात राहिला तो राहिलाच.

दोन दिवस लागले. यू-बोल्ट डिझेलमध्ये भिजवले,
पान्याला पाइप अडकवून मी आणि इल्गिझ लोंबकळलो.
तीन नट सुटले, चौथा कापला.
इल्गिझ म्हणाला, काका, याला मोस्त का म्हणतात?
मोस्त म्हणजे तर पूल.
मी त्याला फौजेतली गोष्ट सांगितली:
सार्जंट ओरडत आला, मोस्त मोडला!
आम्ही विचारलं, कुठला, नदीवरचा की गाडीखालचा?
तो म्हणाला, जो मोडलाय तो, गाढवांनो!

चाकाजवळच्या डब्याचं झाकण उघडलं.
आत तेल मधासारखं, अजून स्वच्छ.
जोलचुबेकनं भरलेलं.
तेलाच्या बाबतीत तो कधी कंजूष नव्हता.
बाकीच्या बाबतीत, असो.

पाट्यांवर आस बसवला, ब्रेकची नळी जोडली,
प्रोपेलर शाफ्ट बोटभर लांब पडत होता,
तो कापून पुन्हा वेल्ड केला.
गाडी मागून चार बोटं उंच झाली,
नाक खाली, सज्द्यात गेल्यासारखी.
इल्गिझला हसू आवरेना.

मग मोकळ्या रस्त्यावर चारही चाकं जोडली
आणि गिअरबॉक्स किंचाळला.
पुढच्यांना घाई, मागचे फौजी, सावकाश,
एकाच गाडीत दोन मतं,
रबर घासल्याचा वास.

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
दात मोजता येतात मला.
पण दोन्ही द्या म्हणायला तोंड नव्हतं,
एकाचं मागणं कसंबसं ओठांवर आलं होतं.
आणि खिंडीत बर्फ पडायला लागलं की
दोन चाकांचं काम नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो.
दार वाजवलं, कोणी नाही.
घरामागे दगडावर बॅटरी ठेवलेली,
गाडीच्या पुढच्या अंगाखालून
जोलचुबेकच्या कोटातले दोन पाय बाहेर.
क्षणभर मी तिथेच थांबलो.

"दोन दिवस वाट बघतेय," खालून बुरुलचा म्हणाली.
"मागचा नेलास तेव्हाच कळलं होतं मला.
बावीस वर्षं पाने हातात देत होते त्याच्या,
मला काय दिसत नाही?"
तीन नट काढून वाटीत ठेवले होते,
सुटे, पुसून.
"चौथा हलत नाही. पाइप आणलायस?"

गाडीत आहे, म्हटलं.
म्हणजे, आणलाच होता.