अरबी समुद्रावरची गिरणी

त्रेपन्न सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर.
टेपवर चार मिलिमीटर धरणं मला अवघड नाही,
काखेच्या शिलाईत तेवढ्यानंच बाईचा जीव गुदमरतो.
पडद्याच्या दोन काड्या कापल्या,
एकशे वीस अंशांत उघडल्या,
कात्री उघडते त्याहून जरा जास्त,
आणि धाब्यावर बांबूला आडव्या बांधल्या.

हे सगळं भटूचं, माझ्या भाच्याचं.
सुरतेला साडीच्या मिलमध्ये लागला तेव्हा
जुना लॅपटॉप, अंगठ्याएवढा डोंगल
आणि वेळा लिहिलेली वही माझ्याकडे ठेवून गेला,
कुणी शेजारी मांजर ठेवून जावं तसा.

सकाळी साडेआठला बेटावदात काय असतं?
शिरपूरची एसटी, पांझरेवरून येणारा कोमट वारा,
माझ्याकडे अस्तर मागायला आलेली एखादी पोरगी.
आणि एकशे सदतीस पॉइंट एकवर
आधी नुसती खरखर,
मग खरखरीच्या आतून टिक-टॉक, टिक-टॉक,
सेकंदाला दोन ओळी.
माझं मशीन याच्याहून जोरात पळतं.
पण हिमालयापासून लंकेपर्यंत
दोरा न तोडता टीप मी कधी मारली नाही.

रात्रीचा फेरा दक्षिणेकडून येतो, चित्र उलटं उतरतं.
लंका वर, बर्फ खाली.
भटू फोनवर बटण कुठलं ते समजावत बसला.
मला हसू आलं.
ब्लाउज आम्ही उलटाच शिवतो, बाबा,
मग बाहीत हात घालून सुलटा करतो.

दर वेळी मधोमध एक पांढरा पट्टा यायचा.
ढग नव्हे. ढगाला कडा असतात, झिरमिळ्या असतात.
हा पट्टीनं आखल्यासारखा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आठ दिवस वायर बदलली, डोंगल ओल्या फडक्यावर ठेवला.
नवव्या दिवशी कान दिला तर
भिंतीपलीकडे सुपडू आप्पांनी गिरणीची मोटर टाकली होती.

आप्पा पीठ झटकत वर आले.
"हाई काय शे?"
मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, अजून पांढरा केला.
"मी दिखस का यामा?"
नाही म्हटलं. एका ठिपक्यात चार किलोमीटर मावतात,
आपलं गाव अख्खा ठिपकासुद्धा नाही.
मग पट्ट्यावर बोट ठेवलं.
"हाई तुमनी गिरनी."

ते खूप वेळ बघत राहिले.
बेटावद आणि सुरत एकाच ओळीत येतात,
पट्टा दोघांवरून जाऊन
थेट अरबी समुद्रावर पडला होता.
"कोनं दळन व्हतं तव्हय?"
आणि स्वतःच आठवून म्हणाले,
कलावतीचं कळण. ज्वारी जास्त, उडीद कमी.

भटूला चित्र पाठवलं.
म्हणाला, आत्या, रेकॉर्डिंग खराब आलंय,
फिल्टर लाव, पट्टा निघून जाईल.
हो म्हटलं. लावला नाही.

श्रावणात एका सकाळी टिक-टॉक आलीच नाही.
वही बघितली, घड्याळ बघितलं, सोल्डर बघितलं.
मोटर मात्र वेळेवर सुरू झाली,
आणि पडद्यावर नुसता तिचा पट्टा उमटला,
खाली देश नाही, समुद्र नाही.
म्हातारा झाला होता, बंद केला म्हणे वरून,
भटूनं दोन दिवसांनी कळवलं.
रशियाचे आहेत अजून, त्यांना सॉफ्टवेअर दुसरं लागतं,
दिवाळीला आल्यावर टाकून देतो.
दिवाळीला तो आला नाही, मिलमध्ये सीझन होता.

आता चैत्र. काड्या जागेवरच आहेत.
एकीला आप्पांच्या सुनेनं माझ्याकडची लाल चिंधी बांधलीय,
खाटेवरच्या बिबड्यांना चिमण्या चोच लावतात म्हणून.
साडेआठला अजून मान वर जाते.
परवा तिनं विचारलं,
आत्या, चिंधी काढू का, तुमच्या कामात येते का?
म्हटलं, राहू दे.