साडेतेरा इंच

हिराजी मढवी सायकल ढकलत आणतो.
दांडीखाली दोन स्ट्रोकचं इंजिन, सोललेल्या नारळाएवढं,
आणि किटसोबत आलेला तो आखूड काळा सायलेन्सर
ज्याला मी पहिल्या दिवसापासून भोंगा म्हणते.

शिरवणे एमआयडीसी, गाळा नंबर बत्तीस.
शटर अर्धं वर. मी मास्क कपाळावर सरकवते.
"ललिताताई, आवाज मारा हिचा."

पारसिक टेकडीवरच्या पाच बंगल्यांची बाग त्याच्याकडे.
पहाटे साडेपाचला आग्रोळीतून निघतो तो वर,
आणि नऊ नंबरच्या बाईंनी सोसायटीला लिहून दिलंय :
माळी येतो की ट्रॅक्टर?

भरीव सळई कोणीही कापतं.
नळीत मात्र जे नसतं त्याचं माप घ्यावं लागतं.

खडूने फरशीवर काढून दाखवते त्याला :
धूर निघाला की त्याच्याबरोबर चांगलं मिश्रणही पळतं, न जळलेलं,
पंगतीतून पोरं उठून पळतात तसं.
पुढे नळी फुगते, मग निमुळती होते,
तिथे धडकून दाबाची एक लाट उलटी फिरते
आणि दार लागायच्या आत
पळालेल्यांना पुन्हा पाटावर बसवते.
नळी लांब, तर लाट सावकाश येते, चढाला बरी.
आखूड असेल तर चटकन,
ती पाम बीच रोडवर हवा खाणाऱ्या पोरांची.
हिराजी उकिडवा बसून बघत राहतो.
"म्हणजे नळी लांबीने नाही, वेळेने मोजायची."
तीस वर्षं कलमं बांधलेला माणूस.
मला हेच समजायला दोन सिलिंडर जाळावे लागले होते.

एक एमएमचा पत्रा. दोन शंकू, पाठीला पाठ नाही, तोंडाला तोंड.
टाके आधी, शिवण नंतर, नाहीतर पत्रा रुसतो.
शेपटीला जाळीची नळी, भोवती काचेची लोकर.
पोटापासून तोंडापर्यंत साडेचौदा इंच.

तिसऱ्या दिवशी तो परत. चौथ्या वळणावर
इंजिनाने दम सोडला, पायडल मारत वर गेला.
प्लग काढला तर काळा, ओला,
खोटं बोलून आलेल्या माणसाच्या जिभेसारखा.
लोकर जास्त झाली होती. चूक माझी.
चिमटीने अर्धी उपसली, नळी एक इंच कापली,
गॅस्केट नवं टाकलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग प्लगला दुधाच्या चहाचा रंग आला
आणि आवाज उशीत खोकल्याइतका उरला.
मला वाटलं, झालं.

मंगळवारी शटरखालून आधी गवती चहाची जुडी आत आली,
मग हिराजी.
"नऊ नंबरच्या बाई गेटवर उभ्या होत्या.
म्हणाल्या, दोन दिवस आला नाहीस, रजा सांगायची पद्धत असते.
अहो, मी पाणी घालून उतरलोसुद्धा होतो.
थायरॉइडची गोळी घेतात उपाशीपोटी,
ती म्हणे माझ्या ट्रॅक्टरवर घ्यायच्या."

मी हसले. तो हसला नाही.
"थोडा परत द्या."
"काय?"
"आवाज. त्यांच्या गेटापुरता."

हे कुठल्याच आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.
शेपटीच्या टोकाला मी दोन एमएमचं भोक पाडलं.
त्याने पायडल मारलं, क्लच सोडला,
कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेला आणि आला.
शेजारी पॉवर प्रेस धाडधाड चालू,
मी कानावर हात ठेवून ऐकायचा प्रयत्न करतेय.
"अजून थोडं मोठं करा," तो म्हणतो.
मी म्हणते, कापलेली नळी जोडता येते,
पण वाढवलेलं भोक पुन्हा लहान नाही होत, मढवी.
"बुजवता येतं की."
येतं. पण मला तेवढ्यात हरायचं नव्हतं.

शेगडीवर गवती चहा उकळतोय, त्याला टू-टी तेलाचा वास.
खिडकीत तो कापलेला एक इंच
विजेच्या बिलावर बसून आहे.

उद्या चढून बघ, म्हटलं, बाईंना विचार.
तीन एमएमचा ड्रिल मी डब्यात परत ठेवला,
सगळ्यात वर.